मुलांची पहिली गाडी : आधी लायसन्स, मग कागद, मग ब्रेक

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावर शिवचरित्र, संतसाहित्य, आरोग्य अशा विषयांवर मोठमोठी माणसं बोलून गेली आहेत. मी वक्ता नाही. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, राज्य सरकारच्या नोकरीत लागलो, आणि गेली वीसेक वर्षं सरकारी वाहनांची देखभाल, लॉगबुक आणि दुरुस्तीची अंदाजपत्रकं यांत गेली. कार्यकारिणीनं सांगितलं, "तुम्ही गाड्यांतले, गाड्यांवरच बोला." म्हणून उभा आहे. जे सांगणार ते माझं स्वतःचं मत आहे, खात्याचं नाही, एवढं आधीच सांगून टाकतो.

दरवर्षी पीयूसीचा निकाल लागला की मला फोन सुरू होतात. "पोरगी बेळगावला इंजिनिअरिंगला जाणार, पावसात दुचाकीवर पाठवायला जीव होत नाही, एखादी स्वस्तातली सेकंड हॅण्ड गाडी बघून द्या." कुणी निपाणीहून बोलतो, कुणी संकेश्वरहून, कुणी खानापूरहून. मागणी रास्त आहे. बस वेळेवर मिळत नाही, क्लास संध्याकाळी उशिरा सुटतो, आणि आपला पाऊस तर सगळ्यांना ठाऊक आहे. पण या फोनवर प्रश्न ठरलेले असतात आणि त्यांचा क्रमही ठरलेला असतो. पहिला, कितीपर्यंत मिळेल? दुसरा, ॲव्हरेज किती देते? तिसरा, रंग कुठला? कागदांचं विचारणारा दहांत एखादा. ब्रेकचं विचारणारा मला अजून भेटायचा आहे.

आज माझं सांगणं एवढंच, की हा क्रम उलटा करा. आधी लायसन्स, मग कागद, मग ब्रेक आणि एअरबॅग, मग इंजिन, आणि किंमत सगळ्यांत शेवटी. किंमत महत्त्वाची नाही असं मी म्हणत नाही. आपण सगळे पगारावर, शेतीवर, दुकानावर जगणारी माणसं आहोत. पण पहिल्या चार गोष्टी बघितल्याशिवाय स्वस्त काय आणि महाग काय हे कळतच नाही.

लायसन्स

आपल्याकडं पीयूसी दोन असतात. एक पोराची, एक गाडीची. गाडीची पीयूसी काढायला पाच मिनिटं लागतात, पोराची दोन वर्षं. आणि ही दोन वर्षं बहुतेक सोळा ते अठरा या वयातली असतात. म्हणजे दुसऱ्या वर्षाला असलेलं पोर घरातल्या सगळ्यांपेक्षा उंच झालेलं असलं, तरी कायद्यानं त्याला मोटार चालवता येत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार मोटारीला अठरा वर्षं पूर्ण लागतात. सोळाव्या वर्षी जी सवलत आहे ती फक्त ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीला.

२०१९ साली या कायद्यात १९९-अ हे कलम आलं आणि त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून ते लागू आहे. लायसन्स नसलेल्या अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षं होईपर्यंत लायसन्स नाही. "मला न विचारता चावी घेऊन गेला" असं म्हणायचं असेल, तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी पालकाची. आपल्यातले निम्मे लोक नोकरदार आहेत. गुन्हा दाखल झाला की नोकरीत काय काय होतं ते मी वेगळं सांगायला नको. म्हणून अठरा पूर्ण व्हायच्या आत घरासमोर पोराची गाडी उभी करू नका. गाडी उभी असली की चावी हातात जातेच.

अठरा झाल्यावर लर्निंग लायसन्स काढा. ते सहा महिने चालतं आणि तीस दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. तिसाव्या दिवशी धावायची घाई नको. हे सहा महिने पूर्ण वापरा. शेजारी लायसन्स असलेलं घरचं माणूस बसवा, पुढं-मागं पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' लावा, आणि पोराला पावसात, चढावर, बाजारात, रेल्वे गेटच्या गर्दीत चालवू द्या. ड्रायव्हिंग स्कूल गाडी हलवायला शिकवतं. गाडी सांभाळायला घरच्यांनीच शिकवावं लागतं.

कुठल्या पासिंगची गाडी?

आता आपल्या भागातला खास प्रश्न. बेळगावात एका सिग्नलला उभं राहिलं की केए-२२ च्या शेजारी एमएच-०९, पलीकडं गोव्याची जीए, मागं चिकोडीची केए-२३. आपली सोयरीक कोल्हापूर, गडहिंग्लज, इचलकरंजीत, बाजार इकडं आणि तिकडंही. तेव्हा गाडीसुद्धा दोन्हीकडची बघितली जाते. आणि दलाल सांगतो, "साहेब, एमएच पासिंग घ्या, पन्नास हजारानं स्वस्त पडेल."

स्वस्त का पडते ते समजून घ्या. गाडीची नोंदणी होताना मालक त्या-त्या राज्याचा कर एकरकमी भरतो. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल मोटारीला किमतीनुसार ११ ते १३ टक्के. कर्नाटकात आजीवन कर किमतीनुसार १३ ते १८ टक्के, त्यावर उपकर वेगळा. गाडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात कायमची आली, की इथला कर नव्यानं भरावा लागतो. तो गाडीची मूळ किंमत आणि वय बघून ठरतो. गाडी नवी असताना जास्त, जुनी होत जाईल तसा कमी. तिकडं भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण तो अर्ज तिकडच्या आरटीओत करायचा, आणि त्याला लागणारा वेळ तुमच्या हातात नसतो.

कायद्याच्या ४७ व्या कलमानुसार परराज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इथं ठेवली, तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओकडून एनओसी, म्हणजे फॉर्म २८, गाडीवर कर्ज असेल तर बँकेची ना-हरकत, मग इथं अर्ज, गाडीची तपासणी आणि कर. हे सगळं नीट होतं. न होण्यासारखं त्यात काही नाही. पण खर्च आणि फेऱ्या धरून हिशेब करा. सौदा ठरवण्याआधी गाडीचं मूळ बिल मागून घ्या, आरटीओत जाऊन कर किती बसेल तो आकडा काढा, तो किमतीत मिळवा आणि मग केए-२२ च्या गाडीशी तुलना करा. बऱ्याच वेळा ते पन्नास हजार तिथंच संपलेले दिसतात. कधी कधी खरंच वाचतात. ते गाडी किती जुनी यावर आहे. म्हणून मी एमएच घेऊ नका असं म्हणत नाही, आकडा काढून घ्या म्हणतो. आपलं पोर शिकायला कोल्हापूरला वर्षाहून जास्त राहणार असेल, तर हाच नियम उलट्या बाजूनं केए गाडीलाही लागतो, हेही लक्षात ठेवा.

गोव्याच्या गाडीबद्दल दोन शब्द. तिकडं भाड्यानं देण्याच्या गाड्यांना काळी पाटी आणि पिवळी अक्षरं असतात. अशा गाड्या पुढं खासगी करून विकल्या जातात. आरसीच्या इतिहासात ते दिसतं. आणि समुद्राकाठची खारी हवा खालचा पत्रा खाते. गाडी रॅम्पवर चढवून खालून बघितल्याशिवाय गोव्याची गाडी घेऊ नका.

मामाच्या नावावरची गाडी

आता जरा नाजूक विषय. आपल्याकडं पोराची पहिली गाडी बरेचदा दुकानातून येत नाही, नात्यातून येते. मामा नवी गाडी घेतो, जुनी भाच्याला देतो. प्रेमानं देतो. "नावावर करायची काय घाई आहे, घरचीच गाडी." असं करत वर्ष जातं, दोन जातात.

निपाणी भागातल्या माझ्या ओळखीच्या एका घरात असंच झालं. गाडी कोल्हापूरच्या मामाच्या नावावर, चालवणारा भाचा, लायसन्स नवं. संकेश्वरजवळ एका सायकलवाल्याला धक्का लागला, माणसाचा पाय मोडला. नोटीस गेली मामाच्या पत्त्यावर. विमा चालू होता म्हणून पैशाचं निभावलं. पण तारखांना जायचं कुणी, रजा काढायची कुणी, यावरून दोन घरांत बोलणं वाढलं. पुढची दोन वर्षं गौरी-गणपतीला ती बहीण माहेरी गेली नाही. गाडीची किंमत होती दीड लाख.

हे फक्त घरगुती भांडण नाही, कायदाही तसाच आहे. २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की गाडी विकून हातातून गेली असली, तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्यानं मालक आणि नुकसानभरपाईची जबाबदारी त्याची. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, पण नोंद पहिल्या मालकाचीच राहिली होती. म्हणून घेणाऱ्यानं नावावर करून घ्यावी, आणि देणाऱ्यानं तर त्याहून घाईनं करून द्यावी. मामाच असेल तर पहिल्यांदा. देणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत, राज्याबाहेर पंचेचाळीस दिवसांत कळवायचं असतं, घेणाऱ्यानं तीस दिवसांत. फॉर्म २९ आणि ३० दोघांच्या सह्यांनी होतात.

कागद कसे बघायचे

टोकन देण्याआधी पाच गोष्टी बघा. एक, एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून मालकाचं नाव, नोंदणीची तारीख, विमा आणि पीयूसीची मुदत तपासा. दुसरी, आरसीवर बँकेचं नाव आहे का बघा. कर्ज फिटलं असं तोंडी सांगितलेलं चालत नाही. बँकेची ना-हरकत आणि फॉर्म ३५ हातात पाहिजे. तिसरी, चेसिस नंबर गाडीवर स्वतः वाचा आणि आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. चौथी, गाडीवर ई-चलन बाकी आहे का बघा. हायवेच्या कॅमेऱ्यांची चलनं मालकालाही माहीत नसतात. पाचवी, गाडी कितव्या मालकाकडं आहे आणि आधी टॅक्सी होती का.

विम्याचं एक लोक विसरतात. गाडी विकली की समोरच्याच्या नुकसानीचा, म्हणजे थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर येतो. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा करायचा, तर पॉलिसी तुमच्या नावावर पाहिजे. त्यासाठी चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, तुम्हाला मिळत नाही. तेवढी रक्कम हिशेबात धरा.

आणि गाडीचं वय. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढं दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवायची. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं. तेरा वर्षांची गाडी लाखात मिळते तेव्हा तिची दोन वर्षं उरलेली असतात, हे विकणारा सांगत नाही.

पुरातली गाडी

२०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै आपण विसरलेलो नाही. कोल्हापूर, सांगलीत घरं पाण्याखाली गेली. शिरोलीजवळ हायवे बंद पडला, इकडं निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी रस्त्यावर आलं. त्या पाण्यात माणसांचं जे व्हायचं ते झालंच, गाड्याही बुडाल्या. त्यातल्या अनेक धुऊन, पुसून, सेंट मारून पुन्हा बाजारात आल्या. बुडालेल्या गाडीचं इंजिन दुरुस्त होतं, पण वायरिंगमध्ये शिरलेलं पाणी वर्ष-दोन वर्षांनी बोलायला लागतं. एअरबॅगचा कंट्रोलर बहुतेक गाड्यांत पुढच्या सीटांच्या मध्ये, खालीच असतो.

ओळखायची कशी? सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. आतल्या भागावर पाण्याचा किंवा चिखलाचा डाग असेल तर पुढं बघूच नका. कार्पेट उचला, खाली बारीक गाळ आहे का बघा. सीटच्या रेलला आणि खालच्या बोल्टांना गंज, हेडलाइटच्या आत बाष्प, फ्यूज बॉक्समध्ये हिरवट बुरशी, स्टेपनीच्या खड्ड्यात माती. काचा बंद करून पाच मिनिटं आत बसा, कुबट वास लपत नाही. आणि त्या दोन वर्षांत विम्याचा मोठा क्लेम झाला होता का, ते विचारा.

ब्रेक आणि एअरबॅग

नव्या हाताला अनुभव कमी असतो. तो अचानक ब्रेक मारणार, आणि ओल्या रस्त्यावर मारणार. एबीएस असेल तर चाकं जाम न होता गाडी वळवता येते. म्हणून मुलाच्या गाडीला एबीएस आणि निदान पुढच्या दोन एअरबॅग हव्यातच, असं माझं स्पष्ट मत आहे.

यासाठी वर्षं लक्षात ठेवा. एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं. १ जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग, सीट बेल्टची सूचना, वेगाची सूचना आणि मागचा पार्किंग सेन्सर सक्तीचे. शेजारच्या सीटची एअरबॅग सगळ्या मोटारींना सक्तीची झाली ती २०२१ संपता संपता. त्याआधीच्या गाड्यांत एकाच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला एअरबॅग असायची, खालच्याला नाही. म्हणून नुसतं मॉडेल विचारू नका, व्हेरियंट विचारा.

हे सक्तीचं का करावं लागलं? २०१४ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेनं भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लोकप्रिय लहान गाड्या आपटून बघितल्या. बिनएअरबॅगच्या त्या पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले. त्यातल्याच फोक्सवॅगन पोलोला दोन एअरबॅग दिल्यावर चार तारे मिळाले. पुढं २०१८ मध्ये टाटा नेक्सॉनला पाच, २०२० मध्ये टियागोला चार तारे मिळाले. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅपही सुरू झाली. जुनी गाडी बघताना तिचा निकाल शोधा, आणि तो त्याच वर्षाच्या, त्याच व्हेरियंटचा आहे ना ते बघा.

थोडक्यात सांगायचं तर २०१९ च्या जुलैनंतरची गाडी बघा. पैसे कमी पडले तर मॉडेल लहान करा, साल मागं नेऊ नका. जुन्या मोठ्या सेडानपेक्षा साधी, अलीकडची लहान गाडी मुलाला बरी.

चावी फिरवली की डॅशबोर्डवर एअरबॅगचा आणि एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि थोड्या वेळात विझला पाहिजे. लागूनच राहिला तर बिघाड आहे. मुळीच लागला नाही तर त्याहून वाईट, कारण कुणीतरी तो दिवा बंद करून ठेवला असण्याची शक्यता आहे.

इंजिन आणि ट्रायल

गाडी बघायला सकाळी जा आणि आधी सांगा, "मी येईपर्यंत स्टार्ट करू नका." थंड इंजिन खरं बोलतं. बॉनेटला हात लावून थंड असल्याची खात्री करा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर कूलंट आत जातंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा थर असला तर परत फिरा.

बॉनेट, दरवाजे आणि डिकी यांच्या फटी दोन्ही बाजूंनी सारख्या आहेत का बघा. मडगार्डच्या बोल्टांवर पाना लागल्याच्या खुणा म्हणजे पत्रा उघडला गेलाय. बंपर बदललेला असला तर चालतो, तो सगळ्यांचाच घासतो. पण पिलर, चेसिसची टोकं आणि डिकीच्या तळाला वेल्डिंग असेल तर ती गाडी मोठ्या अपघातातली समजा.

टायरवर चार आकडे असतात. ३२१९ म्हणजे २०१९ च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला. किलोमीटर वीस हजार आणि टायर तिसऱ्या जोडीचे, असं दिसलं तर मीटरवर विश्वास ठेवू नका. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून किलोमीटरची नोंद मागवा.

ट्रायल नुसती गल्लीत घेऊ नका. खडबडीत रस्त्यावर घ्या, म्हणजे सस्पेन्शनचा आवाज कळतो. चढावर घ्या, म्हणजे क्लच घसरतो का ते कळतं. मोकळ्या रस्त्यावर ब्रेक मारा, गाडी एका बाजूला ओढते का बघा. निपाणीकरांना तवंदी घाट आहे, बेळगावकरांना वंटमुरी. घाट उतरून आल्यावर ब्रेकचा वास येत असेल तर त्याचं कारण शोधा. सोबत ओळखीचा मेस्त्री न्या, त्याला त्याच्या वेळेचे पैसे तुम्ही द्या. दलालाकडून चहा पिणारा मेस्त्री आपल्या कामाचा नाही. उद्यमबागच्या कारखान्यांमुळं आपल्या गावात हात असलेली माणसं भरपूर आहेत, त्यांना विचारा.

कुठली गाडी?

हा प्रश्न सगळ्यांना आवडतो, पण मी त्यावर थोडंच बोलणार. हजार ते बाराशे सीसीची पेट्रोल, चार मीटरच्या आतली, आणि जिचा स्पेअर पार्ट तालुक्याच्या गावात मिळतो अशी. मारुती, ह्युंदाई, टाटा यांच्या साध्या हॅचबॅक यात बसतात. रोजच्या पंधरा-वीस किलोमीटरला डिझेल नको. वाचणारे पैसे एका इंजेक्टरच्या दुरुस्तीत जातात. शेवरोलेनं २०१७ अखेर भारतात विक्री थांबवली, फोर्डनं २०२१ मध्ये इथं गाड्या बनवणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. गाड्या वाईट नव्हत्या, म्हणूनच त्या स्वस्तात मोहात पाडतात. पण पार्टसाठी थांबावं लागतं आणि पोराचं कॉलेज थांबत नाही. सीएनजी किट असेल तर त्याची आरसीवर नोंद पाहिजे आणि सिलिंडरची तीन वर्षांनी होणारी चाचणी झालेली पाहिजे.

आता किंमत. हातात तीन लाख असतील तर अडीचच्या आतली गाडी बघा. उरलेल्यात नावावर करणं, विमा, टायर, बॅटरी आणि पहिली संपूर्ण सर्व्हिस बसते. आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. नव्या गाड्या उतरल्या, पण जुन्या गाडीवाल्यांच्या डोक्यात अजून जुनाच भाव असतो. सौदा करताना आजच्या नव्या गाडीची किंमत खिशात लिहून न्या.

घरचे नियम

गाडी आली, पेढे वाटले. काम संपलं नाही. न्यूझीलंडनं १९८७ साली टप्प्याटप्प्यानं लायसन्स देण्याची पद्धत आणली. तिथं नव्या ड्रायव्हरला सुरुवातीला रात्री दहा ते पहाटे पाच एकट्यानं गाडी चालवता येत नाही आणि अनुभवी माणूस शेजारी नसेल तर मित्रांनाही बसवता येत नाही. रात्र आणि मित्र, नव्या हाताला धोका इथंच. आपल्याकडं तसा कायदा नाही. मग घरानं करावा.

माझे नियम सांगतो, तुम्ही तुमचे करा. पहिले सहा महिने रात्री नऊनंतर गाडी नाही. गाडीत एकच मित्र किंवा मैत्रीण. बेल्ट सगळ्यांना, मागच्यांनाही. फोन डॅशबोर्डच्या कप्प्यात. पहिल्या पावसाळ्यात चोर्ला नाही, आंबोली नाही, मित्रांनी कितीही आग्रह केला तरी. आणि ऊस हंगामात संध्याकाळनंतर हायवे नाही. चिकोडी, संकेश्वर, निपाणीकडं दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अंधारात जातात, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला. वीस वर्षं चालवणाऱ्यालाही ती ट्रॉली शेवटच्या क्षणी दिसते. कारखाने आणि शेतकरी बांधवांनी रिफ्लेक्टर लावावेत, हे मी या व्यासपीठावरून हात जोडून सांगतो. तोवर आपलं पोर आपण सांभाळू.

आणि तरुण मंडळींना एक सांगतो. हे नियम तुमच्यावर अविश्वास म्हणून नाहीत. सरकारी नोकरीत अनुभवी ड्रायव्हरलाही लॉगबुक लिहावंच लागतं. किती किलोमीटर, कुठं गेलो, तेल किती घातलं. तुम्हीही एक वही ठेवा. गाडी कधी तक्रार करायला लागली ते त्या वहीत आधी दिसतं.

गाडी घरी आली की आपण हार घालतो, नारळ फोडतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. जरूर ठेवा, मीही ठेवतो. फक्त त्याआधी चारही टायरची हवा बघा, स्टेपनीचीही. आणि सौदा करण्याआधी कुणाला गाडी दाखवायची असेल, तर रविवारी सकाळी मंडळाच्या कार्यालयासमोर घेऊन या. इंजिन थंड असताना.

गणपती बाप्पा मोरया!